व्होल्टेज उतरलं की मोटर का जळते?

व्होल्टेज कमी झालं की घरातला गिझर मलूल होतो आणि शेतातली मोटर जळते. डीपी (ट्रान्सफॉर्मर) तीच, लाइन तीच. मग एक गपचूप कमी करंट घेतो आणि दुसरी जास्त ओढून स्वतःला जाळून का घेते? याचं उत्तर शाळेत मार्कांपुरत्या घोकलेल्या दोन सूत्रांत आहे.

आधी गिझर. त्याच्यावरची पट्टी वाचा: २३० व्होल्ट, २००० वॅट. शक्ती म्हणजे दाब (व्होल्टेज) गुणिले धारा (करंट), म्हणून २००० ला २३० ने भागायचं. धारा आली ८.७ अँपिअर. आता दाबाला धारेने भागा, की रोध मिळतो: सुमारे २६ ओहम. प्लग काढून त्याच्या दोन सारख्या पिनांना मल्टिमीटर लावला तरी जवळपास हाच आकडा दिसतो, कारण आतली नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध फारसा हलत नाही. जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नव्हतं. ६० वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना ८८० ओहमच्या आसपास, थंड असताना जेमतेम साठ-सत्तर. म्हणून तो बहुतेक वेळा बटण दाबतानाच उडायचा. जाता जाता: ८.७ अँपिअर ओढणारा गिझर कन्व्हर्टर पिन लावून ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवणारे महाभाग घरोघर आहेत. सॉकेट काळं का पडलं, हे मग ते इलेक्ट्रिशियनला विचारतात.

आता व्होल्टेज १९० वर आणा. रोध तोच २६, म्हणून धारा ७.२ अँपिअर. दाबही घटला, धाराही घटली आणि शक्ती तर दोघांचा गुणाकार. ती उरते १३६५ वॅट. दाब १७ टक्के उतरला, शक्ती मात्र ३२ टक्क्यांनी. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एरवी २१ मिनिटं लागतात, आता ३१ लागतील. पण पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच, त्यामुळे युनिट तेवढेच, सुमारे पाऊण. बिल वाढत नाही, अंघोळीला उशीर होतो इतकंच.

दाब, धारा आणि रोधाचं हे सूत्र मांडणाऱ्या गेओर्ग ओहमलाही उतरत्या दाबाने छळलं होतं. त्याच्या हातातल्या व्होल्टाच्या बॅटऱ्यांचा दाब प्रयोग चालू असतानाच ढळायचा आणि आकडे जुळायचे नाहीत. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. दाब अगदी थोडा, पण स्थिर मिळाला. त्यावर १८२६ साली आकडे जुळले आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

मोटर मात्र ओहमच्या सरळ सूत्रात बसत नाही. पाच एचपीच्या मोटरीचं वायंडिंग मल्टिमीटरने मोजा, रोध काही ओहमच भरेल. नुसत्या भागाकाराने करंट शंभराच्या घरात जायला हवा, प्रत्यक्षात तीन फेजवर दर फेजला सात-साडेसात अँपिअरच असतो. कारण फिरती मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते आणि तो येणाऱ्या दाबाला बराचसा तोलून धरतो. शिवाय गिझरला जे जमतं ते तिला जमत नाही. विहिरीतलं पाणी तेवढंच खोल, उचलायचं तेवढंच. काम कमी होत नाही. दाब उतरला की मोटरचं बळ घटतं, फेरे किंचित मंदावतात, आणि तेच काम ओढायला करंट वाढतो.

तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, हे मँचेस्टरजवळच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या सुमारास मोजून दाखवलं. करंट २० टक्के वाढला की वायंडिंगमधली उष्णता ४४ टक्के वाढते. वार्निश आधी करपतं, वेटोळी एकमेकांना चिकटतात, आणि मोटर भरायला टाकावी लागते.

दाब उतरतो तो वाटेतच. समजा डीपीपासून टोकाच्या घरापर्यंत जाऊन-येऊन तारांचा रोध एक ओहम आहे आणि लाइनवर ४० अँपिअर चालू आहेत. चाळीस व्होल्ट तिथेच संपले, टोकाला उरले १९०. शिवाय ४० चा वर्ग गुणिले एक, म्हणजे १६०० वॅट वारा तापवण्यात गेले. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये लो व्होल्टेजच्या ग्राहकासाठी सहा टक्क्यांची सूट होती, म्हणजे २१६ च्या खाली उतरायला नको. टोकाच्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकवून बघा!

त्यावरचा उपायही करंटच्या वर्गातच दडलेला आहे. ४०० व्होल्टऐवजी ११ हजार व्होल्टची लाइन थेट बांधापर्यंत नेली, तर तेवढ्याच शक्तीला करंट २७ पट कमी लागतो, आणि त्याच तारेत वाया जाणारी शक्ती सातशे पटींहून कमी होते. महावितरणच्या एचव्हीडीएस (उच्चदाब वितरण) योजनेत एक-दोन पंपांना छोटी स्वतंत्र डीपी दिली गेली, ती याचसाठी. योजना चांगली आहे, पण सगळीकडे पोचलेली नाही.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. थांबलेल्या मोटरीत उलटा दाब बराच कमी असतो, त्यामुळे सुरू होताना ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट घेते. लाइट आल्याबरोबर स्टार्टरवरच्या ऑटोस्विचमुळे एका डीपीवरचे पंधरा-वीस पंप एकाच क्षणी उठले, तर व्होल्टेज कोसळणारच आणि कधी डीपीही जाणार. तेव्हा ऑटोस्विच काढून टाका, लाइनवरचा करंट घटवायला कॅपॅसिटर बसवा आणि लाइट आल्यावर पाच-दहा मिनिटं पुढे-मागे करून मोटर चालू करा.