अरण्य, इंदूर : आधी जोतं, मग घर

इंदूर विकास प्राधिकरणाने १९८०च्या दशकात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तयार घरांऐवजी सोयींसह प्लॉट दिले. सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचा. त्यावर जोतं, संडास-मोरी, पाणी, वीज. पुढची खोली, जिना, वरचा मजला ज्याने त्याने पैसा जमेल तसा चढवायचा. आराखडा वास्तुकार बाळकृष्ण दोशींचा. नमुन्यादाखल त्यांनी ८० घरं उभारून दाखवली. सुमारे ६,५०० घरांच्या या योजनेला १९९५मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मला मात्र आराखड्याइतकंच मोल तिच्या हिशेबाचं वाटतं : मोठे प्लॉट सधनांना चढ्या दराने विकले आणि त्या नफ्यातून गरिबांच्या प्लॉटची किंमत आवाक्यात ठेवली.