स्ट्रेन गेज : चिकटवण्यावर उभं असलेलं मोजमाप

पोलादावर भार आला की ते लांबतं किंवा आखडतं. पण पुलावरून मालगाडी धडधडत जात असताना गर्डरकडे टक लावून पाहिलं तरी ते डोळ्यांना दिसत नाही. किलोमीटरभर लांबीच्या सळईत एका मिलिमीटरचा फरक पडला, तर तो एक मायक्रोस्ट्रेन. गर्डरमध्ये गाडीच्या भाराने चारपाचशे मायक्रोस्ट्रेन भरले तरी ते पुष्कळ झाले. हे टिपणारा स्ट्रेन गेज म्हणजे नखाएवढी प्लास्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर कॉन्स्टंटन या तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नागमोडी वळणांची जाळी. जाळी ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो, दबली की घटतो. धातूच्या तारेचा हा गुण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५६ मध्येच नोंदवला होता. त्याचं साधन व्हायला मात्र १९३८ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, बारीक तार थेट वस्तूलाच चिकटवली. रूज भूकंपात पाण्याच्या टाक्यांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करत होते. तारेचा गुण जुनाच होता, नवं होतं ते चिकटवणं. आणि या मापनावर किती विसंबायचं हे आजही तिथेच ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

आकडे पाहिले की हे पटतं. १२० ओहमच्या नेहमीच्या गेजमध्ये एका मायक्रोस्ट्रेनने पडणारा फरक ०.०००२४ ओहम. एवढासा बदल धातूकडून जाळीपर्यंत पोचतो तो डिंकाच्या एका पातळ थरातून. म्हणून जाणता तंत्रज्ञ गेज हातात घेण्याआधी जागेवरच जास्त वेळ घालवतो. द्रावकाने तेलकटपणा काढायचा, बारीक पॉलिश पेपरने घासायचं, जागेच्या उभ्या-आडव्या खुणा करायच्या, मग कापसाने पुसताना हात एकाच दिशेने न्यायचा, कारण मागे-पुढे पुसलं तर निघालेला मळ पुन्हा तिथेच पसरतो. गेज चिकटपट्टीवर उचलून खुणेवर बसवायचा, पट्टी अर्धी उलटायची, सायनोॲक्रिलेटचा एक थेंब सोडायचा आणि अंगठ्याने मिनिटभर दाबून धरायचं. अंगठ्याची ऊबही डिंक धरायला मदत करते. शेवटची परीक्षा फार सुंदर आहे : खोडरबराने गेज हलकेच दाबून सोडायचा. आकडा होता तिथे परत आला नाही, तर खाली हवेचा बुडबुडा आहे. सरळ खरवडून पुन्हा लावायचा.

यावर आजचा अभियंता विचारेल, संगणक प्रत्येक बिंदूवरचा स्ट्रेस काढून देतो, मग ही खटपट कशाला? पण संगणक उत्तर देतो ते आपण गृहीत धरलेल्या भाराचं. कोयना धरणाच्या आराखड्यात भूकंपाचं बल म्हणून वजनाच्या पाच टक्के आडवं बल सगळ्या उंचीवर सारखंच धरलं होतं, त्या काळच्या रीतीप्रमाणे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला आडव्या भेगा पडल्या, त्या जिथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो तिथे. धरण स्वतः कसं थरथरतं हे पुढे हिशेबात घेतलं, तेव्हा सगळ्यात मोठा ताण नेमका त्याच मानेशी निघाला. तिथे गेज असते तर भेगा टळल्या असत्या, असं मुळीच नाही. पण गृहीतक कुठे चुकलं हे बांधकामालाच विचारावं लागतं, आणि विचारायचं तर तिथे काहीतरी घट्ट बसवलेलं हवं. गेज फक्त एका जागेचं सांगतो हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच गणित आणि गेज एकत्र लागतात, गणिताने जागा सुचवायची आणि गेजने तिथे खरं काय आहे ते सांगायचं. तापमानाचा त्रास वेगळा : पोलाद एका अंशाने तापलं तरी अकरा-बारा मायक्रोस्ट्रेन वाढतं, म्हणून चार गेज व्हीट्स्टन ब्रिजमध्ये असे जोडतात की उष्णतेचा वाटा परस्पर वजा व्हावा. आता ऑप्टिकल फायबरमधले सेन्सरही आले आहेत. त्यांना विजेच्या गोंगाटाची बाधा होत नाही आणि एकाच धाग्यात अनेक बसतात. पण धागाही चिकटवावाच लागतो, आणि त्याचं मऊ आवरण थोडा ताण वाटेतच गिळतं.

या चिकटवण्याशी महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाचा रोजचा संबंध आहे. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याखाली लोडसेल असतात, आणि लोडसेल म्हणजे स्ट्रेन गेज चिकटवलेला पोलादाचा ठोकळा. पूर्ण भाराखाली तो दर दहा सेंटिमीटरला जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या आसपास दबतो. तीस टनांच्या एका लोडसेलमधून, दहा व्होल्ट दिले तर, पूर्ण भाराला साधारण वीस मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे दहा किलोचा फरक सात मायक्रोव्होल्टच्या आत. हे इमानेइतबारे मोजता येतं. पण गेज सांगतो तो फक्त स्वतःचा ताण. त्याचे किलो होतात ते पुढच्या इंडिकेटरमध्ये, आणि तिथला गुणक माणूस भरतो. म्हणून काटा इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्यावर शेतकऱ्याने समाधान मानावं, हे मला मान्य नाही. प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासण्याचा त्याचा आग्रह तंत्राच्या दृष्टीनेही रास्त आहे, आणि ती वजनं नुसती मधोमध ठेवून भागत नाही. तेच वजन चारही कोपऱ्यांवर फिरवून पाहावं लागतं, कारण एका कोपऱ्याखालच्या लोडसेलमधला गेज सैल पडला असेल, तर फरक दिसतो तो त्याच कोपऱ्यावर.