खिडकी मिटली, पण काम संपले का?

गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेसाठी आम्ही प्रश्नमंजूषेची काही वेबपाने तयार केली. ती रोज नीट उघडतात का, हे तपासायला जावा भाषेत एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला. प्रत्येक पानासाठी तो नवा ब्राउझर उघडी, उत्तर भरी, गुण बरोबर येतात का ते पाही आणि ब्राउझर बंद करी. पान उघडले नाही, तर तशी नोंद करून पुढच्या पानाकडे वळे. हे सारे पडद्यावर न दिसता चाले.

पावसाळ्यात नेट वारंवार तुटू लागले आणि संगणक गोगलगायीच्या गतीने चालू लागला. पडद्यावर तर एकही खिडकी नव्हती! टास्क मॅनेजर उघडून पाहतो तो काय, ब्राउझरच्या कितीतरी प्रती आत जिवंतच होत्या. असे का झाले असावे?

या कामात तिघांचा सहभाग असतो. पहिला आपला प्रोग्रॅम, दुसरा ब्राउझर आणि तिसरा या दोघांमधला दुभाषा, म्हणजे ‘ड्रायव्हर’. आम्ही वापरलेले सेलेनियम हे साधन २००४ साली जेसन हगिन्स यांनी सुरू केले. ड्रायव्हरशी बोलण्याच्या रीतीला वेब कन्सॉर्शियमने २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्यता दिली. संभाषण सुरू होताच ड्रायव्हर एक सत्र उघडतो व त्याला क्रमांक देतो. पुढची प्रत्येक आज्ञा त्या क्रमांकानिशी जाते.

थांबवण्याच्या आज्ञा दोन आहेत. ‘क्लोज’ ही समोरची एक खिडकी मिटते. ती शेवटची असेल तर सत्रही संपते, पण ड्रायव्हर मात्र मागे चालू राहू शकतो. ‘क्विट’ ही सर्व खिडक्या मिटते, सत्र संपवते आणि ड्रायव्हरलाही थांबवते. सत्रापुरता तयार झालेला तात्पुरता फोल्डरही एरवी याच वेळी पुसला जातो.

मग आमचे चुकले कोठे? ‘क्विट’ आम्ही लिहिले होते, पण अगदी शेवटच्या ओळीत. मध्येच नेट तुटले की प्रोग्रॅम चूक नोंदवून पुढच्या पानाकडे उडी मारी आणि ती ओळ वगळलीच जाई. जितक्या चुका, तितके अनाथ ब्राउझर! उपाय सोपा निघाला. जावामध्ये ‘फायनली’ नावाचा भाग असतो. काम सफल होवो वा फसो, तो पार पाडला जातो. ‘क्विट’ची जागा तेथे. पायथॉनमध्ये ‘विथ’ वापरल्यास हेच काम आपोआप होते. मात्र वीजच गेली, तर ‘फायनली’चाही इलाज चालत नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. संकेतस्थळावर प्रवेश केला असेल, तर तेथील सत्र वेगळे असते. ब्राउझर संपला तरी दूरच्या संगणकावरची नोंद लगेच पुसली जाईलच असे नाही. म्हणून आधी ‘लॉगआउट’, मग ‘क्विट’.

हा मुद्दा वर्गात समजवायला गोंदिया जंक्शनचा आधार घेता येईल. हे स्थानक मुंबई-हावडा मार्गावर आहे. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे मोठी फुली असते, ती मुलांनी पाहिलेलीच असते. ती कशासाठी, हे त्यांना विचारावे. इंजिन आले म्हणजे गाडी आली असे रेल्वे मानत नाही. एखादा डबा मागे रुळावर सुटून राहिलेला असू शकतो. फुली दिसली, म्हणजे गाडी पूर्ण आली. मागचा मार्ग मोकळा झाल्याची खात्री पटल्यावरच दुसऱ्या गाडीला तो देता येतो.

मिटलेली खिडकी म्हणजे नुसते आलेले इंजिन. आपल्या प्रोग्रॅमची फुली दिसली का, हे पाहिल्याशिवाय मार्ग मोकळा समजू नये.