जपानच्या शाळेत सहायक शिक्षकाचे पहिले पाऊल

व्यापारी घराण्यातील मुलगा पूर्वी पेढीवर बसू लागे, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली येत नसे. मुनीमजींच्या शेजारी बसून तो गिऱ्हाईक ओळखायला शिके, नोंदी पाही, हाक आली की उठे. परदेशातील शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून रुजू होणाऱ्या तरुणाची अवस्था पुष्कळशी अशीच असते. घरातील पदवीधर मुलगा वा मुलगी या वाटेने निघणार असेल, तर पालकांनी तिचे स्वरूप आधी समजून घेणे हिताचे.

जपान सरकारने १९८७ मध्ये ‘जेट’ योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण आले. पुढे अन्य देशांची भर पडली. भारतातूनही थोडे तरुण गेले आहेत. कोणत्याही शाखेची पदवी व उत्तम इंग्रजी पुरते. करार एक वर्षाचा असतो. नूतनीकरण होत गेल्यास जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते. पहिल्या वर्षाचे वेतन दीर्घकाळ ३३ लाख ६० हजार येन होते. २०२५ पासून ते सुमारे ४० लाख २० हजार येन झाले आहे.

आकडा मोठा दिसतो, परंतु पहिला महिना हातात रोकड मागतो. घर भाड्याने घेताना अनामत द्यावी लागते. शिवाय अनेक ठिकाणी ‘रेइकिन’ म्हणून घरमालकास एक रक्कम द्यावी लागते, ती परत मिळत नाही. पहिला पगार येईपर्यंतचा खर्च सोबत नेलेल्या पैशांतूनच भागवावा लागतो. घर मिळाल्यावर १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवणे बंधनकारक आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत पोहोचलेल्या सहायकाला प्रारंभी वर्गच नसतात. शिक्षकदालनातील आपल्या मेजापाशी दिवस काढताना मन खट्टू होते. सप्टेंबरमध्ये वर्ग भरतात, तेव्हा तोच आत्मपरिचय प्रत्येक वर्गात नव्या उत्साहाने द्यावा लागतो. वर्गाची जबाबदारी परवानाधारक जपानी शिक्षकाची असते. कोणी सहायकाबरोबर पाठाची आखणी करतो, तर कोणी त्याच्याकडून केवळ उतारा वाचून घेतो. ‘माझ्या पदवीचा हाच का उपयोग?’ हा प्रश्न येथेच उभा राहतो, आणि पहिल्या वर्षाची खरी परीक्षाही हीच. जो रुसून मेजाशी बसतो, त्याचे वर्ष वाया जाते. जो दुपारी मुलांबरोबर जेवतो, शाळा झाडायला त्यांच्यासोबत उभा राहतो, त्याच्याशी मुले हळूहळू तोडकेमोडके इंग्रजी बोलू लागतात. ते बोलणे घडवून आणणे, हेच त्याचे काम.

आपल्या घरांना आहाराची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. शाळेच्या जेवणातील भाजीचे सारही बहुधा वाळवलेल्या माशाच्या अर्काचे असते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही; मासे, अंडी, कंदमुळे यांची यादी जपानी भाषेत लिहून मुख्याध्यापकांना आधीच द्यावी आणि डबा नेण्याची अनुमती घ्यावी. कोबे शहरात मोत्यांच्या व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी १९८५ मध्ये महावीरस्वामींचे मंदिर उभारले. परंतु नेमणूक दूरच्या खेड्यातही होऊ शकते. तेथे स्वतःच्या हाताने स्वयंपाक येणे, हाच खरा आधार.

परतताना एक हिशेब विसरू नये. वेतनातून कापलेल्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीपैकी काही रक्कम एकरकमी परत मागता येते. त्यासाठी जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

ही नोकरी मुदतीची आहे. ती आयुष्याची पेढी नव्हे. म्हणून निघण्यापूर्वी घरात दोन प्रश्नांवर मोकळेपणाने बोलणे व्हावे: पहिल्या दोन महिन्यांचे भांडवल कोठून येणार आणि मुदत संपल्यावर पुढे काय? या दोहोंची उत्तरे तयार असतील, तर दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकण्याची ती वर्षे तोट्याची ठरणार नाहीत.