छडी हाती येण्यापूर्वी

वरातीपुढे चालणारा बँडमास्तर आपल्या परिचयाचा आहे. तो बहुधा स्वतःच क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवीत असतो. मुखडा तो धरतो आणि बाकीचे त्याच्या मागोमाग जातात. वाद्य बाजूला ठेवून केवळ हाताच्या खुणेने पंचवीस-अठ्ठावीस जणांकडून वाजवून घेणारा बँडनायक ही निराळीच गोष्ट होय. उत्तर इंग्लंडात गिरण्या आणि कोळशाच्या खाणी यांच्या आश्रयाने पितळी वाद्यांचे जे बँड वाढले, त्यांतून असे नायक घडत आले.

१८५३ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात आठ बँडांची स्पर्धा झाली आणि तेथून या चढाओढीला रंग चढला. क्वीन्सबरीच्या ब्लॅक डाइक गिरणीचा बँड १८५५ चा. मालक वाद्ये आणि तालमीची खोली देई, कामगार संध्याकाळ देत. एडविन स्विफ्ट हा असाच मागावर बसणारा विणकर. त्याने आपल्या लिन्थवेट गावाच्या बँडला १८७४ साली बेल व्ह्यूचे पहिले पारितोषिक मिळवून दिले. त्याचा प्रतिस्पर्धी जॉन ग्लॅडनी मात्र मँचेस्टरच्या नामवंत हॅले वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजविणारा, रीतसर शिकलेला. एक गिरणीतून आलेला, दुसरा रंगमंचावरून. आणि दोघांनीही बँड घडविले. नायकाला शाळा हवी की अनुभव, हा वाद तेव्हापासूनचाच म्हणावा लागेल.

शिकावयाचे असते तरी काय? छडीने ताल दाखविणे हा त्यातला सोपा भाग. स्वरलिपी वाचणे हे खरे कठीण काम. या बँडात कॉर्नेटपासून प्रचंड बासपर्यंत जवळजवळ सर्व वाद्यांचे स्वर एकाच उंच पट्टीच्या चिन्हात लिहिलेले असतात. अपवाद मुख्यतः बास ट्रॉम्बोनचा. त्यामुळे कॉर्नेट वाजविणारा मुलगा उद्या माणूस कमी पडला तर मोठे वाद्य उचलू शकतो, बोटांची खूण तीच राहते. ही सोय वादकाची. तिची किंमत नायक भरतो. कागदावर दिसणारा स्वर आणि कानावर पडणारा स्वर वेगळे, आणि तेही काही वाद्यांत एका अंतराने, काहींत दुसऱ्या. शिवाय येथे व्हायोलिन नाही, बासरी नाही. सर्व नादांची जात एकच. तेव्हा कोणता आवाज किती दाबावा, हे ज्याला उमगत नाही त्याच्या हाती नुसता गोंगाट येतो. खोली तापली की वाद्यांचे सूर चढतात, वादकांचा श्वास अपुरा पडतो. स्पर्धेत तर परीक्षक बंदिस्त खोक्यात बसतो. नायकाचे हातवारे त्याला दिसतच नाहीत, ऐकू येते तेवढेच खरे.

पुढे सॅल्फर्डसारख्या ठिकाणी बँडसंगीताचे उच्च शिक्षण सुरू झाले, ही इष्टच गोष्ट झाली. तथापि एक अडचण पदवीने सुटत नाही. सतारीचा विद्यार्थी पहाटे एकटा बसून चुका करू शकतो. बँडनायकाचे वाद्य म्हणजे माणसे. दिवसभर राबून आलेल्या पंचवीस जणांनी आपली संध्याकाळ त्याच्या चुकांसाठी दिली, तरच तो शिकणार. म्हणूनच बहुतेक नायक वर्षानुवर्षे वादकांच्या रांगेत बसतात, मग गावच्या मुलांचा बँड त्यांच्या स्वाधीन होतो, आणि मुख्य नायक आजारी पडला की एखाद्या रात्री छडी हाती येते.

ही पंचवीस माणसे एकत्र राहिली ती गिरणी आणि खाणीमुळे. ऑक्टोबर १९९२ मध्ये ब्रिटनमधील एकतीस खाणी बंद करण्याची घोषणा झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्या यादीत असलेल्या ग्राइम्थॉर्प खाणीच्या बँडने लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. १९९३ मध्ये खाण मिटली. १९९६ चा 'ब्रास्ड ऑफ' हा चित्रपट याच व्यथेतून निघाला. बँड टिकला, ही वादकांची चिकाटी. पण तालमीच्या खोलीचे भाडे, नवी वाद्ये आणि शिकाऊ नायकाला पोसण्याइतका धीर यांची तरतूद आता गावाने स्वतःच करावयाची आहे. ती ज्या गावात होते, तेथे आजही एखादा कॉर्नेटवादक तालीम संपल्यावर रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहून स्वरलिपीची पाने उलटीत हात हलवून पाहतो. पुढच्या आठवड्यात त्याला मुलांचा बँड मिळणार असतो.