झिजलेली चकती आणि राबती पाठ

यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकीसारख्या कपाशीच्या मुलखात पन्नाशी ओलांडलेला एखादा कास्तकार कंबरेची तक्रार घेऊन तालुक्याच्या गावी जातो, क्ष-किरण चित्र काढून घेतो आणि ‘मणक्यात गॅप आहे’ एवढेच तीन शब्द घेऊन घरी परततो, तेव्हा त्याच्या मनात जी धास्ती बसते ती त्या चित्रातील झिजेपेक्षा पुष्कळदा अधिक घातक ठरते; कारण आपल्या देहाविरुद्ध कायमचा निकाल लागला असे समजून तो वाकायचे सोडतो, चालणे कमी करतो, पट्टा आवळून खाट धरतो, आणि ज्या हालचालीवर त्या झिजलेल्या भागाचे आरोग्य अवलंबून आहे तीच बंद करून बसतो.

मानेपासून कंबरेच्या तळापर्यंत मणक्यांच्या दरम्यान एकंदर २३ चकत्या असतात, आणि पाठीच्या कण्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांचाच आहे. भोवती चिवट तंतूंचे कडे आणि मध्ये जलमय गाभा अशी प्रत्येकीची रचना असते. तारुण्यात ह्या गाभ्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते साठीच्या सुमारास ७० टक्क्यांच्या आसपास उतरते, चकती बसते, कड्याला बारीक चिरा पडतात आणि मणके एकमेकांच्या निकट येतात. प्रौढ देहात, अगदी बाहेरची कड सोडल्यास, ह्या चकतीत रक्तवाहिनी पोहोचत नाही. तिचे अन्न लगतच्या मणक्यांतून झिरपत येते. दिवसभराच्या भाराने तिच्यातील पाणी निचरते, रात्री आडवे पडल्यावर ते पुन्हा शोषले जाते, आणि म्हणूनच सकाळी मोजलेली उंची सायंकाळच्या उंचीहून सेंटिमीटरभर अधिक भरते. भाराचा हा चढउतार चकतीच्या जीवनाचा शिरस्ताच आहे; तो अखंड ओझ्याने मोडतो, तसा अखंड विश्रांतीनेही मोडतो.

शिवाय झीज आणि वेदना यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबरदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींची एमआरआय तपासणी केली असता, त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश व्यक्तींच्या कोणत्या ना कोणत्या चकतीत दोष आढळला. आणि अशा अनेक अभ्यासांचे २०१५ साली जे एकत्रित परीक्षण झाले, त्यात वेदनारहित माणसांपैकी विशीतल्या ३७ टक्क्यांत व ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत चकतीची झीज दिसून आली. केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येते, आणि केवळ चित्रावरून कोणाच्या कष्टाच्या आयुष्याची मुदत संपली असे ठरवण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

कंबर धरली की आडवे पडावे, हा आपल्याकडील फार जुना सल्ला. हेलसिंकी येथील नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर जो प्रयोग झाला आणि १९९५ साली प्रसिद्ध झाला, त्यात नुकतीच कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवले, काहींना व्यायाम दिले, आणि काहींना सोसेल तेवढी नित्याची कामे चालू ठेवण्यास सांगितले. त्यांत लवकर बरे झाले ते नित्याची कामे करणारे, आणि सर्वांत मागे राहिले ते अंथरुणात पडलेले. ताज्या वेदनेत व्यायामाची घाई नको, हेही त्यातून ध्यानात घ्यावे. व्यायामाचे खरे कार्य दुखणे आठवडेच्या आठवडे रेंगाळते तेव्हा सुरू होते.

ह्या व्यायामांतील एक पद्धत योगायोगाने हाती लागली. १९५६ साली न्यूझीलंडमधील रॉबिन मॅकेन्झी ह्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडे आलेला एक रुग्ण, डोक्याकडील बाजू उंच राहिलेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला, आणि कित्येक दिवस न हटलेले त्याचे पायातील दुखणे थोड्याच वेळात नाहीसे झाले. पालथे झोपून आधी कोपरांवर, मग तळहातांवर छाती उचलणे, आणि त्यावेळी पायाची वेदना कंबरेकडे सरकते की काय हे पाहणे, ही त्या पद्धतीची मूळ रीत. मात्र वार्धक्यात ज्यांच्या मज्जारज्जूची वाट अरुंद झाली आहे, ज्यांना चालताना पायांत गोळे येतात आणि वाकून किंवा बसून बरे वाटते, त्यांना हाच व्यायाम बाधतो. त्यांना गुडघे छातीशी घेणे मानवते. यास्तव शेजाऱ्याचा व्यायाम उचलू नये. फिजिओथेरपिस्टने तपासून ठरवून दिलेलाच करावा, आणि त्यास निदान काही आठवड्यांची मुदत द्यावी.

आता ढाणकीच्या शिवाराकडे वळू. रात्रभर पाणी शोषून सकाळी चकती फुगलेली असते आणि पहिल्या तासात वाकल्यास तिच्यावर ताण अधिक पडतो. सकाळचे वाकणे टाळणाऱ्यांचे दुखणे कमी झाल्याचे १९९८ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात नमूद आहे. पण झाडलोट, सडासारवण, पाणी भरणे ही घरच्या बाईची सारी कामे नेमकी त्याच तासात येतात. लांब दांड्याचा खराटा घेणे, सारवण थोडे उशिरा करणे, घागर उचलताना पाठ न वाकवता खुब्यातून व गुडघ्यांतून वाकून ती अंगालगत धरणे, हे बदल बिनखर्चाचे आहेत. वेचणीच्या वेळी कंबरेची ओटी जड होईतो न थांबता ती अर्धी भरताच रिकामी करावी, आणि दर तासाला दोन-तीनदा उभे राहून, हात कंबरेवर ठेवून पाठ मागे कलवावी. मजुरी किलोवर मिळते, म्हणून थांबणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे. तरी काही क्षणांचा हा खंड वजनकाट्यावर फारसा जाणवत नाही, आणि मुकादमाने व शेतमालकानेही त्यास आडकाठी करू नये. फवारणीचा १६ लिटरचा पंप पूर्ण न भरता दोन खेपा करणे, आणि तो जमिनीवरून न उचलता बांधावरून किंवा बैलगाडीच्या साटीवरून खांद्यावर घेणे, हेही त्याच हिशेबातले.

पट्ट्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे: ब्रिटनमधील २०१६ सालच्या अधिकृत मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी पट्टा आणि वजन लावून ओढणे ह्या दोन्ही उपायांची शिफारस नाकारली आहे. पट्ट्यावर जाणाऱ्या पैशात सोसतील असे व्यायाम शिकून घ्यावेत, आणि रोज सायंकाळी बांधापर्यंत चालून यावे.

काही लक्षणे मात्र ह्या साऱ्या विवेचनाच्या बाहेरची आहेत. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, पाऊल लुळे पडू लागणे, पाठदुखीबरोबर बारीक ताप व वजनात घट, क्षयाचा किंवा कर्करोगाचा पूर्वेतिहास, किंवा वृद्धेस साध्या पडण्यानंतर उठलेली तीव्र कळ, यांपैकी एकही दिसल्यास व्यायाम, मालिश, शेक सर्व तहकूब करून त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. आणि ताबा सुटला असेल तर उजाडण्याचीही वाट न पाहता, यवतमाळ असो की पैनगंगेपलीकडचे नांदेड, जिथे लवकर पोहोचता येईल त्या मोठ्या रुग्णालयाकडे निघावे.