आधी माय बघा

उदगीरच्या पुढे, कर्नाटकाची हद्द जवळ येते तिथल्या एका मळ्यात कारवानी जातीची कुत्री व्यायल्याचं कळलं, तेव्हा मी फोनवरच विचारलं, "नर किती, माद्या किती?" पलीकडून कुत्रीचे मालक तात्या क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सात हायत. आधी येऊन माय बघा. नर-मादी मागनं बघू."

आमच्या शेतावर राखणीला कुत्रा हवा होता. घरच्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. नरच आण. मादी आणलीस तर वर्षातून दोनदा दारात गावातल्या कुत्र्यांचा मेळा भरेल आणि पिल्लं कुणाला द्यायची ते तूच बघ. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तात्यांचं वय ऐंशीच्या जवळ, आणि त्यांच्या घरात तीन पिढ्या ही कुत्री. लहानपणी वडिलांच्या मागे रानात जाऊन त्यांनी या कुत्र्यांना सशामागे धावताना पाहिलं होतं. त्यांचं ऐकून घ्यावं असं वाटलं, आणि पुढच्या पाच आठवड्यांत मी त्या मळ्यावर तीनदा गेलो.

पहिल्या वेळी पिल्लं तीन आठवड्यांची होती. डोळे उघडून आठवडाच झालेला, चालताना मागचे पाय घसरत होते. तात्यांनी मला पिल्लांकडे जाऊच दिलं नाही. कडब्याच्या गंजीला टेकून बसलेल्या हरणीसमोर उभं केलं. हरणी म्हणजे त्या पिल्लांची आई. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट पार आत गेलेलं, पाठीचा कणा मांसाखालून दिसणारा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती उपाशी वाटेल. पण या जातीची घडणच पळण्यासाठी आहे. जोरात पळताना एका झेपेत दोनदा तिचे चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. एवढं पळायला फुप्फुसांना जागा लागते, ती छातीत. कण्याला धनुष्यासारखं वाकावं लागतं, म्हणून कंबर लांब. आणि हा कुत्रा वासावर कमी, नजरेवर जास्त चालतो, म्हणून डोळे मोठे आणि डोकं अरुंद.

"आता हिच्याजवळ जाऊन बसा," तात्या म्हणाले. मी बसलो. हरणी गुरगुरली नाही, शेपूटही हलवली नाही. उठून पिल्लं आणि मी यांच्यामध्ये येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तात्या खूश झाले. "भिऊन चावणारी माय असली तर सातातली चार पिल्लं तशीच निघत्यात. ही भीत नाही अन् उगा अंगावरही येत नाही."

तात्यांचं हे निरीक्षण मला नंतर वारंवार आठवलं. पिल्लू निम्मं बापाचं असतं, पण पहिले आठ आठवडे ते आईजवळ असतं. आईचा स्वभाव त्याला रक्तातून मिळतो आणि रोजच्या सहवासातूनही. कशाला घाबरायचं आणि माणसाच्या हाताशी कसं वागायचं हे ते तिच्याकडे बघून शिकतं. बाप मात्र आम्ही दुसऱ्या मळ्यावर जाऊन पाहिला. अंगाने दणकट, हरणीपेक्षा दोनेक इंच उंच. या जातीत नर साधारण तेवढा उंच आणि थोडा वजनदार असतो.

दुसऱ्या भेटीत नर-मादीचा विषय निघाला. तूर निघाली होती, रिकाम्या रानात आम्ही बसलो होतो. शिकारीची माणसं काय निवडायची, असं मी विचारलं. तात्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यात दोन तट होते. एक तट म्हणायचा नरच हवा. नर अंगाने मोठा, सरळ रानात त्याचा वेग जास्त, सावज मिळालं की जबड्याची पकड घट्ट. शिवाय तो बारा महिने कामाचा. मादी माजावर आली की तीन आठवडे घरात बांधून ठेवायची. गाभण राहिली तर नऊ आठवडे गाभणपण आणि पुढे दोन महिने पिल्लं अंगावर. म्हणजे ऐन हिवाळ्यात चार महिने कुत्री असून नसल्यासारखी.

दुसरा तट मादीचा. मादी लवकर शहाणी होते. वर्षभरात तिला काम कळतं, नराला दीड-दोन वर्षं पोरवय असतं. ती हाकेच्या टप्प्यात राहते. नराच्या नाकात तीन शेतांपलीकडच्या माजावरच्या कुत्रीचा वास गेला की मालकाची हाक त्याला ऐकूच येत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, मादी घरात असली की वाण घरात राहतं. तात्यांच्या वडिलांनी म्हणून जोडी ठेवली होती. ससा तोंडाशी आला की एकदम काटकोनात वळतो. अंगाने हलकी मादी त्याच्याबरोबर वळायची, नर वेगात पुढे निघून जायचा. पण मादीने वळवलेला ससा पुन्हा नराच्याच वाटेवर यायचा. "एकट्या नरानं बी काम व्हायचं नाही, एकट्या मादीनं बी नाही," तात्या म्हणाले.

ही शिकार आता इतिहास आहे, आणि तो इतिहासच राहिला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, काळवीट, चिंकारा यांची शिकार गुन्हा ठरते, मग हातात बंदूक असो की नुसता कुत्रा. तात्या हे स्पष्ट सांगतात. पिल्लू मागायला आलेला माणूस सशाची भाषा बोलू लागला की ते त्याला चहा पाजून परत पाठवतात. मग या कुत्र्याचं आज काम काय? शेताची आणि मेंढरांची राखण, आणि सोबत. कर्नाटकात याच कुळातल्या मुधोळ हाउंडसाठी मुधोळजवळ तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे, २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं, आणि २०१६ पासून लष्कराच्या मेरठच्या केंद्रात त्याला प्रशिक्षण देऊन पाहिलं गेलं. कामं बदलली, तरी पिल्लू निवडण्याची जुनी पारख अजून उपयोगी पडते. शिकारीच्या कुत्र्यात जे बघायचे, तेच राखणीच्या कुत्र्यात बघायचं असतं : धीर, नजर, चिकाटी आणि माणसाची ओढ.

तिसऱ्या भेटीत पिल्लं आठ आठवड्यांची झाली होती. चार नर, तीन माद्या. तीन नर डोळे उघडायच्या आधीच लोकांनी सांगून ठेवले होते. चौथा, भुऱ्या रंगाचा, तात्यांनी माझ्यासाठी राखला होता. तिन्ही माद्यांना मात्र एकही मागणी आली नव्हती.

तात्यांनी एका दोरीला मेंढीच्या कातड्याचा तुकडा बांधला आणि एकेक पिल्लू वेगळं करून ती दोरी रानातून ओढत नेली. भुऱ्या नराने तुकडा हलताच उडी घेतली. सातांत सर्वांत आधी, सर्वांत जोरात. तुकडा बांधाआड गेला तसा तो थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि एका पाचटाच्या काडीशी खेळू लागला. एक तांबूस मादी उशिरा निघाली. तुकडा वळला तशी तीही आतल्या बाजूने वळली. बांधाआड तुकडा दिसेनासा झाल्यावर ती शेवटच्या जागेपर्यंत गेली, तिथे मान उंचावून उभी राहिली, मग बांध चढायची धडपड करू लागली.

"मग मादीच घ्यायची," मी म्हणालो.

तात्यांनी मान हलवली. "एका फेरीवर पिल्लू ठरवायचं नाही. त्याचं पोट भरलं असंल, हिचं रिकामं असंल." दुपारी पिल्लं झोपून उठल्यावर पुन्हा दोरी ओढली. या वेळी बांध चढायचा प्रयत्न करणारं पिल्लू एक काळा नर होता आणि तांबूस मादी त्याच्या मागे दुसरी आली. भुरा पुन्हा आधी निघाला आणि पुन्हा मधेच थांबला. दोन्ही वेळा जे टिकलं तेवढंच तात्यांनी धरलं : भुऱ्याचा झपाटा आणि तांबूस मादीची चिकाटी.

मग तांब्या. पिल्लं खेळत असताना पाठीमागे दगडावर तांब्या आपटला. सगळी दचकली. दचकणं वाईट नाही, किती वेळात सावरतं ते बघायचं. तांबूस मादी दहा मोजायच्या आत तांब्याजवळ येऊन त्याचा वास घेत होती. दुसरी एक मादी कणगीमागे गेली ती आलीच नाही. तात्या म्हणाले, "ही गरीब स्वभावाची. हिला लेकराबाळांचं घर बघायचं, एकलं शेत नाही."

शेवटी हातात घेऊन तपासणी. बेंबीपाशी फुगवटा आहे का, दातांची ठेवण नीट आहे का, पंजे घट्ट मिटलेले आहेत का, पुढचे पाय सरळ आहेत का. नराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, दोन्ही अंडं उतरलीत का. एखादं पोटातच राहिलं तर पुढे त्याची गाठ होण्याचा धोका असतो आणि तो दोष वाणात उतरतो. सातही पिल्लांना जंताचं औषध दिलेलं होतं. पहिली लस टोचून झाली होती.

आता घरच्यांचे प्रश्न उरले होते, आणि त्यांची उत्तरं पिल्लाकडे नव्हती, आमच्याच घरात होती. शेताला कुंपण आहे का? नसेल तर नर भटकणार, मारामाऱ्या करणार, आणि भटक्या कुत्र्यांत संसर्गाने पसरणारा लिंगावरचा कर्करोग घेऊन येण्याची भीती असते. आधीचा कुत्रा आहे का? असेल तर त्याच्या विरुद्ध लिंगाचं पिल्लू आणलेलं बरं, दोन नरांची किंवा दोन माद्यांची भांडणं जास्त होतात. पिल्लं वाढवायची आहेत का? नसतील तर निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करायची तयारी आहे का? ती केली की मादीचा माज थांबतो, नराचं भटकणं बरंच कमी होतं, आणि न केलेल्या माद्यांच्या गर्भाशयात वय वाढल्यावर पू होण्याचा जिवावरचा आजार टळतो. ज्या कारणांसाठी घरचे मादी नको म्हणत होते, त्यातली जवळजवळ सगळी कारणं एका शस्त्रक्रियेने संपत होती.

आमच्याकडे म्हातारा नर होता. कुंपण अर्धंच होतं. पिल्लं वाढवायची नव्हती. तांबूस मादी माझ्या पायाशी येऊन चप्पल ओढत होती. मी तिला उचललं. भुरा तात्यांनी स्वतःकडेच ठेवला.

ती आता चार वर्षांची आहे. दीड वर्षाची झाल्यावर, वाढ पुरी झाली तेव्हा, तिची शस्त्रक्रिया केली. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते आणि भुलीची काही औषधं त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत. हे आम्ही डॉक्टरांना आधीच सांगितलं आणि त्यांनी औषध त्याप्रमाणे निवडलं. ती रोज पहाटे ऊन चढायच्या आत मोकळ्या रानात दोन-तीन फेऱ्या जीव खाऊन पळते आणि मग दिवसभर ओसरीवर पडून असते. शेतात परका माणूस आला की बांधावर येऊन उभी राहते, हरणी उभी राहिली होती तशीच, न भुंकता. भुरा तात्यांकडे तितकाच चांगला निघाला. वयाबरोबर त्याचं मन ठरलं आणि आज त्याच्याइतका जोरात पळणारा कुत्रा त्या शिवारात नाही. मादी नरापेक्षा सरस असते, असं या दोघांवरून मुळीच सिद्ध होत नाही.

पण एक गोष्ट मला सलते. उरलेल्या दोन माद्यांना घर मिळायला तात्यांना तीन महिने लागले. गावोगाव हेच चालतं. नर आधी उचलले जातात, माद्या मागे राहतात, आणि अनेकदा पोत्यात घालून गावाबाहेर सोडल्या जातात. आपल्या सगळ्यात जुन्या वाङ्मयात हरवलेल्या गायींचा माग काढायला इंद्राने पाठवली ती सरमा कुत्रीच होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिचा, त्या गायी लपवणाऱ्या पणींशी झालेला संवाद आहे. संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात, म्हणजे सरमेचं लेकरू. कुत्र्याची ओळख त्याच्या आईवरून सांगण्याची ही रीत इतकी जुनी आहे.

म्हणून पिल्लू आणायला जाल तेव्हा फोनवर नर-मादी विचारू नका. आधी माय बघा, मग पिल्लू दोन-तीन वेळा बघा, मग आपलं घर आणि कुंपण बघा. नर की मादी हे त्यानंतर आपोआप ठरतं. आणि वेतातल्या माद्या मागे राहिल्या असतील, तर त्यांच्याकडेही एकदा दोरी ओढून बघा.